बापू घनपाठींचं इंग्रजी

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या इंग्रजी वर्गाचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. वर्ग रोज भरायचा, तेवढं पुरे होतं.

राज्य इंग्रजांचं, अर्ज इंग्रजीत. म्हणून पोराबाळांचे बाप झालेले आम्ही वैदिक संध्याकाळी मास्तरांपुढे मांडी घालून बसायचो. तपासणीला साहेब येणार होते. वर्ग पसंत पडला नाही तर तो बंद, आणि मास्तरांना बायकोमुलांसह नागपूरला मेहुण्याच्या दारात जावं लागणार! मेहुण्याचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

मास्तरांनी एक अर्धवट वाक्य मोठ्यानं वाचून फळ्यावर लिहिलं, “बिकॉज द रिव्हर वॉज हाय.” उद्या दुरुस्त करून आणा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमचे बापू घनपाठी उठले. घनपाठी वेदातले शब्द पुढूनमागून म्हणतो, पण अक्षर हलू देत नाही. बापूंनी डोळे मिटले. “बिकॉज द, द बिकॉज, बिकॉज द, द रिव्हर, रिव्हर द, द रिव्हर...” सगळं संपवून म्हणाले, “बिलकुल तुमच्यासारखं आलं ना?”

मास्तर म्हणाले, अहो, ते चुकलेलं होतं.

“असेल. पण गुरुमुखातनं आलं. आम्ही कोण बदलणारे?”

*

एकदा निबंधात सगळ्यांचं शेवटचं वाक्य मधेच तुटलेलं. मास्तरांनी कारण विचारलं. आम्ही सांगितलं, लिहिता लिहिता ढग गडगडले. ढग गडगडले की अध्ययन बंद, हा आमच्याकडचा नियम. मास्तर बराच वेळ आभाळाकडे बघत बसले.

*

पाठात चूक झाली तर आम्ही प्रायश्चित्त म्हणून गंगेत बुडी मारायचो. इंग्रजीलाही तेच लावलं. बापू वर्गात दिसेनासे झाले. शेवटी मास्तर त्यांचा निबंध घेऊन पंचगंगा घाटावर गेले आणि पायरीवरून एकेक चूक ओरडून सांगू लागले. चूक सुरू झाली की बापू बुडी मारायचे. पाण्याखाली त्यांना ती ऐकू येत नसे.

*

तपासणी तोंडावर आली तेव्हा मास्तरांनी हात टेकले. म्हणाले, “माझं राहू द्या. पण दुसऱ्या कुणाचं अर्धं वाक्य कानावर आलं तर सोडू नका. ही गुरूची आज्ञा समजा.”

आज्ञा म्हटल्यावर बापूंचा चेहरा उजळला. मास्तरांना वाटलं, काम झालं.

*

साहेब आले. खुर्चीवर बसून बापूंकडे वळले. “नेम?”

बापू हात जोडून म्हणाले, “इनकम्प्लीट, सर.”

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. खिडकीतून गंगा बघून म्हणाले, “लव्हली व्ह्यू.”

“इनकम्प्लीट, सर.”

“व्हॉट?”

“इनकम्प्लीट.”

मास्तर भिंतीला टेकले. साहेबांचा चेहरा लाल, मग जांभळा झाला. टोपी घालून ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. मास्तरांचे ओठ हलत होते. त्यांना बहुधा नागपूर दिसत होतं.

साहेब म्हणाले, “क्लास टु कंटिन्यू.”

मास्तरांनी बापूंपुढे हात जोडले. पण आज्ञा ती आज्ञा. बापू हळूच म्हणाले, “इनकम्प्लीट, सर.”

साहेबांनी टोपी काढली. एकेक शब्द जपून उच्चारला, “धिस क्लास विल कंटिन्यू.” आणि बापूंकडे बघत उभे राहिले.

बापूंनी मान डोलावली. मगच साहेब जिना उतरले.