सिमेंटच्या वाटेपुढे

आमच्या गावात वर्ना टकेटला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. नेवाडाच्या त्या उजाड माळरानात तिने वर्षानुवर्षं शाळेची बस चालवली. आम्हा सगळ्यांना दमात घेऊन शाळेत पोचवलं. पुढे साखरेच्या आजाराने तिचे दोन्ही पाय गुडघ्याखालून गेले. लग्न केलं नव्हतं. खाणीतून निवृत्त झालेला थोरला भाऊ, ऑर्व्हल, तिच्याकडेच राहून तिचं सगळं करायचा.

मे महिन्यात तिने हट्टच धरला. "तळ्यावर ने मला. पाण्यात हात घालायचाय."

"तळं राहिलंय कुठे, वर्ने? डबकं झालंय."

"मग डबक्यावर ने."

तळ्याकाठच्या पार्कात व्हीलचेअरसाठी सिमेंटची वाट होती, पण ती तळं भरलेलं असतानाची. आता वाट संपायची तिथून पाणी पार लांब गेलेलं. मध्ये नुसता भेगाळलेला गाळ. ऑर्व्हल थांबला.

"फिरू या का मागे?"

"घाबरलास? म्हातारा झालास रे!"

ते त्याला लागलं. त्याने खुर्ची गाळात घातली. अर्ध्यावर वरचा पापुद्रा फुटला आणि चाकं रुतली. ऊन भाजून काढत होतं. तो ढकलत राहिला, ओढत राहिला. मग "जरा बसतो" म्हणाला आणि आडवाच झाला.

हाकांना ओ येईना, तेव्हा वर्नाने स्वतःला खुर्चीतून खाली टाकलं. कोपरांवर सरपटत ती त्याच्यापर्यंत गेली. बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर ओतलं, आपल्या अंगाची सावली त्याच्यावर धरली आणि ओरडत राहिली. होडी घेऊन आलेल्या एका जोडप्याने ते ऐकलं, तोवर ऑर्व्हल गेला होता.

दफनाच्या दिवशी तिच्या कोपरांना पट्ट्या होत्या. मी जवळ उभी होते.

"वर्नाबाई, तुम्ही 'म्हातारा झालास' चेष्टेने म्हणालात, हे त्यांना कळत होतं."

"चेष्टा नव्हती ती," ती म्हणाली. "मला पाण्यापर्यंत जायचं होतं."

उन्हाळा सरताना तिने मला तळ्यावर न्यायला सांगितलं. वाटेच्या टोकाला आता लोखंडी दांडा होता, त्यावर पाटी: 'व्हीलचेअरला पुढे मनाई.'

तिने ती वाचली.

"वाट पाण्यापर्यंत न्या म्हणून किती जणांनी सांगितलं होतं. घ्या, केली सोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल, घरी."

हिवाळ्यात ती वृद्धाश्रमात गेली.