दुखणं घरात, औषध जळगावात

१८ मार्च. गच्चीवर ज्वारीच्या पिठाचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, थापत होते, तेव्हा मिस्टरांचा धुळ्याच्या दवाखान्यातून फोन आला. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत पोचलाय. याला बोन मेटास्टॅसिस म्हणतात. हात धुतले, उरलेलं पीठ जाऊबाईंवर सोपवलं आणि नानांची खाट खिडकीपाशी ओढली.

मे संपेपर्यंत नानांना कूस बदलता येईना. डॉक्टरांनी मॉर्फिन सांगितलं. ते अफूपासून बनतं, जबर दुखणं थांबवतं. शिरपूर, धुळे, जिथे विचारलं तिथे औषधवाले चिठ्ठी बघूनच मान हलवत. कायद्याने ते मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच मिळतं. आम्हाला मिळालं जळगावात, पंधरा दिवसांपुरतं.

दोन दिवसांत नाना उठून बसून जेवले.

मग चूक केली ती मी. आमच्या गल्लीत औषध विरजणासारखं घरोघर फिरतं. शेजारच्या अक्कांचा गुडघा धरला होता. "एक गोई माले बी दे वं," म्हणाल्या. मी एक सोडून दोन गोळ्या दिल्या. अक्का दिवसभर ओकत होत्या.

नाना खाटेवरून म्हणाले, "गोई मन्ही, दानधरम तुना!" गोळी त्यांची, दान माझं.

पुढच्या खेपेला जळगावात डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. दोन कमी. खरं ते सांगितलं.

"आता पेशंटला तपासल्याशिवाय देता येणार नाही, ताई. नियम आहे."

"गोळीशिवाय कूस बदलली तरी ओरडणारा माणूस एवढ्या लांब एसटीने आणू? चूक माझी. लिहून देते. दुखणं त्यांनी का सोसायचं?"

मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी डॉक्टरांनी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मोजायला आणलेल्या गोळ्या सगळ्या माझ्यापाशी होत्या; घरी कण्हता कण्हता नाना म्हणाले, "डाक्टर, तूच ये आठे. चहा पाजसू."

चहाला घरी यायचं आमंत्रण ऐकून डॉक्टर हसले आणि सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. त्यांचे उपकार मानते.

तुमच्या घरी हे औषध आलं तर कुलपात ठेवा, कुणालाही देऊ नका. गोळ्या मोजाव्यात, हे मला पटतं. पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक शिकवून तयार केलेला डॉक्टर आणि एक कुलूपबंद कपाट का नसावं, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

जळगावहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना गोळी दिली. ते झोपल्यावर हेच मागणारा अर्ज लिहिला, तालुक्याच्या दवाखान्यात गेले आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत तिथल्या मोठ्या साहेबांच्या टेबलासमोरून हलले नाही.