अपेक्षाने शिकवलेली शाबासकी

कामशेतच्या रखमाजींची अपेक्षा पुण्यात मानसशास्त्र शिकली आणि एका कारखान्यात नोकरीला लागली, तेव्हा भावकीत बातमी पसरली की पोरगी वेड्यांची डॉक्टर झाली. "कारखान्यात एवढी येडी मान्सं हायत?" तिच्या आईने, नंदाबाईंनी विचारलं.

"आई, शहाणी माणसं यंत्रात हात का घालतात, ते मी बघते."

आईला त्यात फारसा फरक दिसला नाही.

बेगडेवाडीजवळच्या त्या कारखान्यात पत्रा दाबायची यंत्रं होती. पुढची जाळी लावल्याशिवाय यंत्र चालवायचं नाही, असा नियम. भिंतीवर तुटलेल्या बोटांची चित्रं, आणि जाळ्या त्याच भिंतीला टेकून ठेवलेल्या. अपेक्षा काही दिवस खुर्ची टाकून नुसती बसली. आपल्यातला वेडा हुडकायला आलीय असं समजून कामगार जरा जास्तच शहाण्यासारखे वागू लागले.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं. सुपरवायझर महिपतीभाऊ जाळी काढून भराभर माल काढणाऱ्याच्याच पाठीवर थाप मारायचे. जाळी लावणाऱ्याला नुसतं, "आज लय निवांत?"

"भाऊ, थाप चुकीच्या पाठीवर पडतेय," ती म्हणाली. "जाळी लावणाऱ्याचं कौतुक करा."

"मॅडम, मला ते जमत न्हाई. घरीबी कधी केलं न्हाई."

मग अपेक्षाने त्यांच्याकडून चहाच्या टपरीवर सराव करून घेतला. पहिल्यांदा "छान" म्हणताना भाऊंचा चेहरा असा झाला की टपरीवाल्याला वाटलं, दूध नासलं. शेडमध्ये पहिली थाप जाळी लावून काम करणाऱ्या पप्पूच्या पाठीवर पडली. तो दिवसभर विचारत होता, "सायबांची तब्येत बरी हाय ना?"

पण जाळ्या लागू लागल्या.

एकदा मोठी ऑर्डर निघायच्या दिवशीच गोविंदाला यंत्राचा आवाज वेगळा वाटला आणि त्याने भर कामात ते बंद केलं. सगळी शेड महिपतीभाऊंकडे बघू लागली. अपेक्षा खुर्चीतून उठली. भाऊ लाल झाले, मिशी हलली आणि कसेबसे शब्द आले, "बरं केलंस, गोविंदा."

उघडून बघितलं, तर क्लच निकामी झालेला. यंत्राचा दाबणारा भाग कधीही आपोआप खाली आला असता. अपेक्षा बाहेर जाऊन थोडी रडली. लोकांना वाटलं, मॅडमना वरून ओरडा बसला.

त्यानंतर यंत्र थांबवायला कुणी भ्यायचं नाही. पप्पू तर जेवणाची सुट्टी जवळ आली की थांबवायचा.

"ह्याचंबी कौतुक करायचं का, मॅडम?" भाऊंनी विचारलं.

"ह्याला ओरडा."

भाऊंना किती दिवसांनी मोकळं वाटलं.