फटफटीचं तेल कुठं जायचं

सकाळी फटफटीच्या इंजिनाचं तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, कोरडी निघाली आणि खाणीच्या साहेबांनी फाटकावरच, हजेरीला उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर, सुखदेवला चोर म्हटलं.

"तिसरी वेळ! तेल विकतोस कुठं?"

"नाही जी साहेब. म्या कायले विकू?"

सुखदेव फटफटीवरून राजूरच्या आमच्या खाणीची डाक वणीला न्यायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्याला वर्ष झालं होतं. "धर्म बदलला, हात तेच राहिले," साहेब म्हणाले. मी खाणीच्या ट्रकांचा मिस्त्री, बाजूलाच उभा होतो. ऐकलं अन् गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

दुपारपर्यंत तेलाचा पत्ता लागला नाही तर सुखदेवची नोकरी जाणार होती. त्यानं गाडी ढकलत माझ्या शेडात आणली. ट्रकांनी आधीच जीव नकोसा केला होता, त्यात ही भर.

"सुखदेवा, खरं सांग बाप्पा."

"मिस्त्रीभाऊ, तुमीबी?"

मी किक मारली. शेडभर निळा धूर झाला. आता आली का पंचाईत! तेल संपलेलं इंजिन असा धूर कुठून काढणार? असा धूर निघतो तो आत तेल जास्त झाल्यावर.

ही गाडी मूळची विलायती. फौजेला पाहिजे म्हणून आली, मग मद्रासला जुळवायला लागले. एकच सिलिंडर, साडेतीनशे सीसी. ट्रकचं तेल इंजिनाच्या तळाशी, सम्पमध्ये असतं. रात्रभर निथळून खाली बसतं, म्हणून ते सकाळी इंजिन थंड असतानाच मोजायचं. या फटफटीला ड्राय सम्प, म्हणजे तळ कोरडा. तेलाची टाकी इंजिनाच्याच पेटीत, पण क्रँकच्या, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या, मागं वेगळ्या कप्प्यात. एक पंप टाकीतलं तेल इंजिनात पाठवतो, दुसरा ते परत टाकीत ओढतो. पंप थोडा झिजला असला की उभ्या गाडीत तेल हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरतं. टाकी कोरडी दिसते. तेल असतं आतच. वर आम्ही दर वेळी नवं ओतत होतो.

साहेबांना बोलावलं. इंजिन पाच मिनिटं चालवलं, बंद केलं, डिपस्टिक काढून हातात दिली. तेल टाकीत परत येऊन खुणेच्याही वर गेलं होतं.

"मग थंड इंजिनात मोजायचा नियम कोणी काढला?"

"म्याच, साहेब. ट्रकचा नियम हिलेबी लावला."

साहेबांनी डिपस्टिक माझ्या हातात परत दिली. मला कोणी चोर म्हटलं नाही. "ठीक आहे. सुखदेव, डाक घे आणि नीघ."

सुखदेव जागचा हलला नाही. "साहेब, सकाळी सगळ्याइसमोर चोर म्हटलं तुमी मले. आता त्याइच्यासमोरच सांगा, का हा चोर नाही म्हणून."

"त्याची काय गरज? नोकरी राहिली ना तुझी?"

"मंग ते नोकरी ठेवा तुमच्यापाशीच."

त्यानं चावी सीटवर ठेवली आणि वणीच्या रस्त्यानं पायी निघाला. मी फाटकापर्यंत मागं गेलो. "सुखदेवा, थांब नं!" तो थांबला नाही. थांबला असता तरी मी त्याला काय सांगणार होतो?

परत येऊन शेडच्या भिंतीवर खडूनं नवा नियम लिहिला: फटफटीचं तेल इंजिन चालवल्यावरच मोजावं. नियम बरोबर होता. पण महिनाभर तो कोणाच्या कामी आला नाही, कारण फटफटी चालवणारंच कोणी उरलं नव्हतं.