सारंगखेड्याच्या यात्रेतले चार चार्जर

माझा नवरा शेड बांधतो. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रे, आत प्लायवूड. ब्राह्मणपुरीच्या आजूबाजूच्या मळ्यांत त्याने उभ्या केलेल्या केळीच्या पॅकिंग शेड मोजायला बसलं तर दिवस जाईल. मळ्यात लाइट असते किंवा नसते, त्यामुळे त्याचं सगळं काम बॅटरीच्या ड्रिलवर. आणि बॅटरी म्हटली की चार्जर आला.

लग्नाआधी मी लोणखेड्याच्या कॉलेजात बीएस्सी केलं. फिजिक्स होतं. लग्नानंतर त्या फिजिक्सचा उपयोग मुलीच्या अभ्यासापुरता उरला होता.

एका मे महिन्यात नवरा दुपारी घरी आला आणि त्याने पिशवी ओट्यावर आपटली. "चार्जर गया. आते कामना नही हाऊ." चार्जरवर लाल आणि हिरवा दिवा आळीपाळीने मिचकत होता. तो जेवून झोपला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पिन काढली आणि लगेच झाकण उघडलं. आतली सर्किटची हिरवी पट्टी बोटांनी उचलली मात्र, असा झटका बसला की मी मागच्या डब्यांवर जाऊन पडले. पिन काढलेली होती! तरीही.

सासूबाई धावत आल्या. "माय वं! काय व्हयनं?"

"काही नाही. डबे पडले."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, चार्जरकडे पाहिलं. "सोड ते. बाई माणूसले हाऊ धंदा कसाले पाहिजे?"

मी झाकण तसंच परत लावलं आणि गुपचूप बाजूला ठेवलं. तासाभराने नवरा उठला, सवयीने बॅटरी लावली, आणि चार्जिंग सुरू झालं. तो खूश. "तू नीट केलास?" मी नुसतं हसले. पण मला पक्कं माहीत होतं की मी काहीही केलेलं नाही, आणि तेच मला टोचत राहिलं. मग चालू झालं कसं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पत्र्यावरून उतरवलेली बॅटरी, हात लावला तर चटका, आणि पुन्हा लाल-हिरवं. या वेळी मी झाकणाला हात लावला नाही. बॅटरी घरात सावलीला, गार फरशीवर तासभर ठेवली आणि मग लावली. दिवा शांत लाल झाला. चार्जर बिघडलेलाच नव्हता. बॅटरी तापलेली असताना तो चार्ज करायला नकार देत होता, आणि आम्ही त्याला मेला म्हणत होतो. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो बीएस्सीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

झटक्याचं उत्तर मात्र मला शहाद्यात मिळालं. बस स्टँडच्या मागे एक म्हातारे टीव्ही दुरुस्त करणारे बसायचे. टीव्ही आता कोणी दुरुस्तीला आणत नाही, पण ते रोज दुकान उघडायचे. मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी मला स्टुलावर बसवलं. "पोरी, हा मोठा कपॅसिटर पाहिलास? पिन काढली तरी याच्या पोटात करंट राहतो. आधी तो बल्बवर उतरवायचा, मीटर लावून शून्य बघायचं, मग बोट." दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती सिरीज बल्बची. दुरुस्त केलेली वस्तू थेट लाइटला लावायची नाही, मध्ये शंभर वॉटचा पिवळा बल्ब घ्यायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि वस्तू वाचते. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर समजायचं, जीव आहे.

मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जात राहिले. सोल्डरिंग शिकले. त्यांनी जुन्या पट्ट्यांवरचे सुटे भाग मला एका बिस्किटाच्या डब्यात भरून दिले.

मग गावातले लोक येऊ लागले. जिनिंगमधल्या एका मिस्त्रीचा चार्जर मी उघडला तर पंख्याच्या जाळीत कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी झाली होती. ब्रशने काढली, संपलं काम. कुणाच्या बॅटरीच्या मधल्या पत्तीवर काळा थर असायचा. बॅटरी किती तापली हे चार्जरला त्याच पत्तीतून कळतं. ती मळली की तो गोंधळतो. मुलीच्या खोडरबराने घासली की झालं. दर दहातले सहा चार्जर बिघडलेलेच नसायचे. ते फक्त घाण झालेले किंवा तापलेले असायचे. मी लोकांना ते सांगायची, तर काहींना वाईट वाटायचं, इतक्या साध्या कारणासाठी आलो म्हणून.

त्याच वर्षी हिवाळ्यात सारंगखेड्याच्या यात्रेसाठी घोड्यांच्या तबेल्यांचं काम नवऱ्याला मिळालं. लांबलचक रांग, प्रत्येक घोड्याला वेगळा कप्पा. संध्याकाळी एका व्यापाऱ्याच्या घोड्या येणार होत्या आणि सकाळी साडेनऊला नवऱ्याचा फोन आला.

"पाचपैकी चार चार्जर गेले. एकामागून एक. फट् आवाज होतो आणि संपतं. तापलेलं-बिपलेलं काही नाही, ये लवकर."

"पाचवा कुठे आहे?"

"लावतोच आहे आता."

"लावू नका! हात लावू नका त्याला," मी ओरडले. डबा, मीटर, बल्ब पिशवीत टाकले आणि स्कूटी काढली.

मी पोचले तेव्हा सगळे कामगार हातावर हात ठेवून बसले होते. अर्ध्या रांगेला फळ्याच नव्हत्या. अँगलमध्ये स्क्रू हाताने जाणं शक्य नव्हतं, आणि घोडे येण्याच्या वाटेवर वायर टाकायला मनाई होती, म्हणजे वायरवालं ड्रिल बाद. तसला चार्जर शहाद्यात मिळत नव्हता, मागवला असता तर दोन दिवस. ठेकेदार फेऱ्या मारत होता. मला पाहून त्याचा चेहरा आणखी उतरला. बहुतेक त्याला मिस्त्री येणार असं वाटलं होतं.

एक चार्जर उघडला. कपॅसिटर उतरवला, शून्य पाहिलं. आत फ्यूज काळा झालेला आणि शेजारची निळी टिकली फुटलेली. विजेचा दाब फार वाढला की ती टिकली स्वतः फुटते, फ्यूज उडवते आणि पुढचं सगळं वाचवते. दुसरा उघडला, तेच. म्हणजे दोष चार्जरचा नव्हता. लाइटमधूनच काहीतरी जास्त येत होतं.

ठेकेदार माझ्या डोक्यावर उभा होता. "वहिनी, वायर लाई द्या ना डायरेक्ट. दोन तास चालना म्हणजे व्हयनं."

"फ्यूज काढून डायरेक्ट केलं तर दोन तास नाही, दोन मिनिटं चालेल. आणि नंतर तुमच्या तबेल्यात आग लागेल. गवत आहे इथे."

तो तिथून हलला नाही.

यात्रेतली लाइट जनरेटरवर होती. मी मीटर आमच्या बोर्डात घातला. दोनशे सत्तेचाळीस व्होल्ट. थोडं जास्त, पण एवढ्याने टिकली फुटत नाही. मी बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे नवरा म्हणाला, "सगळे तुझ्याकडे पाहत आहेत." मी म्हटलं, "पाहू दे." खरं तर माझे कान तापले होते.

तेवढ्यात पलीकडचा चहावाला स्वतःशीच बडबडायला लागला की इलेक्ट्रिक शेगडी सकाळपासून तापतच नाही, दूध वर येत नाही. मघाशी वैतागून बंद केलेल्या शेगडीचं बटण त्याने पुन्हा चालू केलं. माझ्या मीटरवरचा आकडा उसळून तीनशे तेवीसवर गेला!

"पुन्हा करा!" मी ओरडले. "दादा, शेगडी बंद करा. आता चालू करा."

बंद, दोनशे अठ्ठेचाळीस. चालू, तीनशे वीस.

त्या क्षणी सगळं लख्ख झालं. जनरेटरच्या तीन फेजपैकी एकावर शेगडी, दुसऱ्यावर आम्ही. न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार सैल असली की ज्या बाजूला लोड जास्त तिथला दाब पडतो आणि हलक्या बाजूचा चढतो. चहावाल्याचं दूध तापत नव्हतं आणि आमचे चार्जर फुटत होते, दोन्ही एकाच कारणाने.

जनरेटरवाला आधी चिडला. "बाई, बारा वर्षं हेच काम करतोय मी." मी वाद घातला नाही. त्याच्या हातात मीटर दिला आणि चहावाल्याला हाक मारली. आकडा चढताना पाहून त्याने जनरेटर बंद केला. बोर्ड उघडला. न्यूट्रलचा नट हाताने फिरत होता आणि तारेचं टोक जळून कोळशासारखं झालं होतं. त्याने ते कापलं, नवीन टोक बसवलं, नट आवळला. जनरेटर सुरू. दोनशे बत्तीस. शेगडी चालू केली. दोनशे एकतीस. शेगडीवरचं दूध उतू गेलं तेव्हा चहावाला नाचायचाच बाकी होता.

पाचवा चार्जर लगेच कामाला लागला. मी टेबलावर डबा उलटा केला. निळ्या टिकल्या होत्या, फ्यूज होते. पहिला जोडला, मध्ये बल्ब घेतला, बटण दाबलं. बल्ब पेटला आणि मंद झाला. कामगारांमध्ये कोणीतरी शिट्टी मारली. दुसरा, तसाच. तिसऱ्याला मात्र बल्ब पेटला तो पेटलेलाच राहिला; त्याची मुख्य चिपही गेली होती, तो बाजूला ठेवला. चौथा पुन्हा चालू. चारपैकी तीन! आणि पाचवा धरून चार दिवे एका रांगेत शांत लाल.

त्यानंतर दिवसभर मी बॅटऱ्यांची फेरी सांभाळली. काम करून आलेली आधी सावलीत, गार झालेली चार्जरवर, भरलेली नवऱ्याच्या हातात. एकही ड्रिल थांबलं नाही. कामगार जेवायलाही पाळीपाळीने गेले. ऊन कलतं झालं तेव्हा शेवटच्या कप्प्याला एक फळी राहिली होती आणि व्यापाऱ्याची गाडी तापीच्या पुलावरून अलीकडे आल्याचा फोन ठेकेदाराला आला होता.

नवऱ्याने ड्रिल माझ्यापुढे धरलं. "हाऊ स्क्रू तू मार."

इतके चार्जर उघडले होते, पण ड्रिल कधी हातात घेतलं नव्हतं. पहिला स्क्रू घसरला. कोणी हसलं नाही. मी खांदा लावला, बटण पूर्ण दाबलं आणि स्क्रू लाकडातून अँगलमध्ये शिरला, शेवटपर्यंत, सरळ.

ठेकेदाराने सासूबाईंना यात्रेत आणायला स्वतःची गाडी पाठवली, मी मागितलेली नसताना. त्या आल्या, पांढऱ्या घोडीसमोर उभ्या राहिल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मन्ही सून शे. चार्जर दुरुस्त करस." त्या बाईला काहीच कळलं नाही. सासूबाईंनी तिला सुरुवातीपासून सगळं सांगितलं, जनरेटरच्या नटासकट, आणि चार्जर चारचे सात केले. मी दुरुस्ती केली नाही.