पुसलेलं तेल

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बायकोपाशीही नाही — तिला कसं सांगणार? त्या दुपारी मी तिच्याच माहेरी, वरशाला, जेवून झोपलो होतो. मध्ये अडखळलो तर जरा थांबा.

पेणला माझं मोटरसायकलचं गॅरेज. जवळच्या जोहे गावचा महादेव माझं जुनं गिऱ्हाईक — गिऱ्हाईक कसलं, दोस्तच. गणपतीच्या कारखान्यात तो डोळे आखायचा. फक्त डोळे. बाकी रंग कुणीही मारो, डोळे महादेवनेच उघडायचे, असा त्याचा हात. आमच्या घरचा गणपती तो दरवर्षी आठवणीने बाजूला काढून ठेवायचा.

त्याच्या जुन्या गाडीतून तेल गळायचं. कुठून, ते कळेना. वाऱ्याने तेल मागे पसरतं आणि सगळं इंजिनच काळं दिसतं. मी इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं केलं. महादेवने कारखान्यातून पांढरी खडूची पूड आणली होती, ती दोघांनी मिळून इंजिनवर भुरभुरवली आणि गाडी चालू ठेवली. थोड्या वेळाने चेनच्या बाजूला, पुढच्या दातेरी चक्रापाशी, त्या पांढऱ्यात एक काळा ओघळ उतरला. सापडला चोर! आतलं ऑइल सील, म्हणजे रबराची एवढीशी चकती, झिजलं होतं. तिथलं तेल चेनवर पडतं आणि चेन ते मागच्या टायरवर उडवते. ओल्या रस्त्यावर याचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की.

सील रोह्याच्या एका जुन्या दुकानातच मिळायचं. मी गेलो — गेलो होतो, एवढं खरं. दुकान दुपारचं बंद, चारला उघडणार. म्हटलं, तोवर शेजारी वरशाला सासुरवाडीत डोकावू. सासूबाईंनी कोलंबीचं कालवण केलं. जावयाचा थाट! पोटभर जेवलो, आडवा झालो. उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते. दुकान उघडं असणार, दहा मिनिटांवर. पण बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मला कंटाळा आला. दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही सापडत.

रिकाम्या हाताने आलो हे सांगायची लाज वाटली. झिजलेल्या सीलवर बाहेरून बॉन्ड, म्हणजे चिकटवायचा लेप, थापला.

“सील नवं टाकलंस ना मेस्त्री?” महादेवने विचारलं.

“व्हय. रोह्यावरना आणलं.”

बॉन्ड गरम तेलापुढे किती टिकणार? आठवड्यात बदलून टाकू, असं मनाशी म्हटलं. चौथ्या दिवशी जोह्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी घसरली आणि मागून येणाऱ्या टेम्पोचं चाक महादेवच्या उजव्या हातावरून गेलं.

इथवर आळस म्हणता येईल. पण पुढचं — पुढच्याला काय म्हणाल?

निरोप आला तसा मी धावलो. लोक महादेवला उचलून टेम्पोत घालत होते. तो माझं नाव घेऊन हाका मारत होता. मी आधी गाडीकडे गेलो. मागच्या टायरवर हात फिरवला, तळवा तेलकट झाला. मी कमरेचं फडकं काढलं आणि टायर पुसला. चक्र पुसलं, चेन पुसली. कुणीतरी म्हणालं, “बघा, मेस्त्रीला गाडीची पन किती माया हाय.” मग मी महादेवकडे गेलो.

चिखलावरून घसरला, असं सगळे म्हणाले. महादेवही म्हणाला, “माजीच चूक. ब्रेक जोरात दाबला.” मी मान डोलावली. खरंच डोलावली.

बोटं राहिली, पण अंगठा मिटत नाही. कुंचला धरता येत नाही. आता तो डाव्या हाताने रंग कालवतो. मी अजून त्याच्याकडूनच गणपती आणतो. दरवर्षी तो विचारतो, “डोळं दुसऱ्याचं हायत मेस्त्री, चालंल ना?” मी म्हणतो, “चालंल.”

मोडलेली गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच आली होती. तेव्हा मी रोह्याला गेलो, दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो, सील आणलं. ते बसवायला मला अर्धा तास लागला. आता त्याचा भाऊ ती गाडी चालवतो. तिच्यातून पुन्हा तेलाचा थेंब गळलेला नाही.