माईंच्या खोलीतला फाटा

केबलच्या धंद्यात असताना माझ्या पॅन्टच्या खिशात कनेक्टर, स्क्रू आणि तारेचे तुकडे साठायचे. कपडे धुवायला काढताना बायको वैतागून ओट्यावर त्यांचा ढीग करायची. किस्सेही तसेच साठले. कुठून कुठून आले कळलं नाही, आणि आता फेकवत तर नाहीत!

मी आणि शरद पार्टनर. नाशिक रोडच्या जेल रोडला आमचं ऑफिस. नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश लावली आणि दोन हजारनंतर त्याच तारेतून इंटरनेटही द्यायला लागलो. शरद फोनवर, मी शिडीवर. कारण मला एका जागी बसवतच नाही. पाहुणा म्हणून कुणाकडे गेलो तरी आधी नजर टीव्हीकडे जाते, आणि चित्र जरा फिकट दिसलं की चहा घशाखाली उतरत नाही. शरद म्हणायचा, "अन्या, तुझ्या लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही तू मंडपाच्या वायरीकडे बघत होतास!" खोटं नाही.

सगळ्यात जास्त किस्से दिले ते स्प्लिटरने. काडेपेटीएवढी पत्र्याची डबी. एका बाजूने तार आत येते, दुसऱ्या बाजूने दोन बाहेर पडतात. पण आमच्याकडे स्प्लिटर कोण म्हणणार? रस्त्याला रस्ता फुटला की आपण फाटा म्हणतो, मग तारेला तार फुटली की तोही फाटाच!

*

एकदा भर उन्हात शरदने मला पिटाळलं. "क्षीरसागर सरांचा फोन होता. फाट्यावर लाइन तुटलीये, ताबडतोब जा!"

मी स्कूटरला शिडी बांधून थेट सिन्नर फाटा गाठला. एक खांब बघितला, दुसरा बघितला. ट्रकवाले हॉर्न वाजवून मला बाजूला करत होते. बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला की इकडे आमची लाइनच नाही! तणतणत पीसीओ शोधला आणि सरांच्या घरी फोन लावला.

"सर, मी कधीचा फाट्यावर उभा आहे, तुम्ही कुठे आहात?"

"मीही फाट्याजवळच उभा आहे!" सर ओरडले. "स्टुलावर! मला तर तू दिसत नाहीस!"

*

दुसरा शब्द मुंग्या. सिग्नल कमी झाला की पडद्यावर जे पांढरे-काळे ठिपके वळवळतात, त्यांना गिऱ्हाईक मुंग्याच म्हणतं. दिवसभर फोनवर तेच. "मुंग्या आल्या", "मुंग्या वाढल्या", "मॅच चालू आहे आणि मुंग्या!" हा शब्द ऐकला की माझे पाय आपोआप शिडीकडे वळायचे.

गांगुर्डे बाई शाळेत शिकवायच्या. त्यांचा फोन आला, "टीव्हीला मुंग्या लागल्यात." मी गेलो. फाटा बदलला. कनेक्टर बदलले. गच्चीवर जाऊन जोड तपासला, खांबावर चढून आलो. खाली येऊन बघतो तर चित्र आरशासारखं. आधीही तसंच होतं!

"बाई, आता कुठे आहेत मुंग्या?"

बाईंनी चष्मा वर केला आणि वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "चित्रात नाही हो, मागे! जाळीतून नातवाने गुळाचा खडा टाकलाय!"

*

आता निकमांचं सांगतो, कारण त्यांच्या घराने माझी झोप उडवली होती.

निकम मूळचे सटाण्याकडचे. वडील वारल्यावर दोन्ही भावांची वाटणी झाली. थोरले आप्पा डावीकडे, धाकटे नाना उजवीकडे, आणि मधल्या खोलीत आई. तिला सगळे माई म्हणायचे; तिची बोली अजून अहिराणीच. वाटणीत काय बोलणं झालं देव जाणे, पण भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. एक अंगणात आला की दुसरा आत जायचा. माईंच्या खोलीत दोघं यायचे, पण वेगवेगळ्या वेळेला, आणि दारातूनच बोलून जायचे. माई मला सांगायची, दूधवाल्यालाही सांगायची, "दोन्ही भाऊ बोलतीन तव्हय माले झोप लागी रे भो."

खांबावरची तार माईंच्या खिडकीतून यायची, म्हणून फाटा तिच्याच खोलीत, दाराच्या वर बसवला. माईंना स्वतःला टीव्ही नको होता. मी कनेक्टर आवळत होतो तेवढ्यात नाना आला आणि मान वर करून डबीवरची अक्षरं वाचायला लागला.

"अनिल, मला आउट का दिलंस? मी काय घराबाहेरचा आहे?"

त्याचा आवाज ऐकून आप्पाही आले. त्यांनी आपली तार कुठे लागलीय ते बघितलं. "मी थोरला असून मलाही आउट? मग इन कोण आहे?"

माई खाटेवर भाजी निवडत होती. म्हणाली, "मी शे ना आत!"

*

फाट्यावर फाटे जोडणारेही महाभाग होते. पगार आडनावाच्या एका साहेबांनी एका तारेवर पाच टीव्ही चढवले, स्वतःच्या हाताने. प्रत्येक फाट्याला सिग्नल अर्धा होतो, हे त्यांना मी किती वेळा सांगितलं! शेवटच्या खोलीत नुसता आवाज उरला, पडद्यावर सगळ्या मुंग्या.

मला ते बघवेना. म्हटलं, "साहेब, इथे अॅम्प्लिफायर तरी लावू द्या."

"कशाला?" साहेब म्हणाले. "या खोलीत सासरे असतात. त्यांना मोतीबिंदू आहे!"

*

मग इंटरनेट आलं आणि टीव्हीशेजारी कॉम्प्युटरही त्याच फाट्यावर बसला. सानप शेठ चांदवडचे, कांद्याचे व्यापारी. पोरांच्या शिक्षणासाठी नाशिक रोडला फ्लॅट घेतला होता. पोरांचा कॉम्प्युटर बंद पडला, मी बघून सांगितलं की व्हायरस शिरलाय, दुरुस्तीला द्या.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन. "टीव्ही पन बंद करून ठिवलाय. चादर टाकलीय त्याच्यावर."

"का हो शेठ? टीव्हीला काय झालं?"

"दोघं एकाच फाट्यावर हायेत ना? मंग! त्यो बातम्यावाला सकाळधरनं लय खोकतोय!"

*

इकडे निकमांकडे मुंग्या काही थांबेनात. दर आठ-पंधरा दिवसांनी दोन्ही भावांचा फोन यायचा, एकापाठोपाठ एक. मी धावत जायचो. मी पोचेपर्यंत दोघं माईंच्या खोलीत, फाट्याखाली माना वर करून उभे!

"तू हात लावलास का?" आप्पा विचारायचे.

"मी कशाला लावू? तुझंच पोरगं चढलं असेल."

"माझं पोरगं शाळेत आहे."

"मग त्याला विचार आल्यावर. आणि आता परीक्षा कधी आहे त्याची?"

असं सुरू व्हायचं. माई म्हणायची, "बसा, मी च्या ठेवस." माझं काम होईपर्यंत दोघं खाटेच्या दोन टोकांना बसून चहा प्यायचे आणि मग आपापल्या दाराने निघून जायचे.

मला मात्र त्या फाट्याने वेड लावलं. दर वेळी तेच! आत येणाऱ्या तारेचा कनेक्टर ढिला झालेला. मी पक्कड लावून आवळायचो, पुन्हा ढिला. तार बदलली. खिडकीत खिळे ठोकून ती पक्की केली. शरद म्हणाला, "उंदीर असतील." उंदीर तार कुरतडतो, आटे फिरवत नाही! त्यात पलीकडच्या गल्लीतल्या ऑपरेटरची तार निकमांच्या कंपाउंडपर्यंत येऊन लोंबकळत होती. निकम तिकडे गेले की अख्खी गल्ली गेली, असं शरद रोज ऐकवायचा. मी घरी जेवायला बसलो तरी ताटाऐवजी तो फाटाच दिसायचा. चीड यायची, स्वतःचीच.

शेवटी मुंबईहून एक भारी फाटा मागवला. जाड धातूचा, पान्याशिवाय न हलणारा. तो बसवला, पान्याने करकचून आवळला, वर टेप गुंडाळला. जुना काढून पिशवीत टाकला. दोन्हीकडे चित्र असं आलं की नाना दारातूनच ओरडला, "वा, अनिल!" आप्पांनी आपल्या दारातून हात केला. माई नुसती त्या टेपकडे बघत होती. मला वाटलं तिला समजलं नसेल.

*

त्यानंतर निकमांचा फोन बंद. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना होत आला. शरद खुश. मी मात्र फोन वाजला की बघायचो, निकमांचा आहे का. तक्रार नाही म्हणून चैन पडू नये, हा कसला स्वभाव! पण पडेना. एका दुपारी काही काम नसताना स्कूटर तिकडे वळवली.

आप्पांचं दार बंद, नानाचं दार बंद. माई मधल्या खोलीत खाटेवर एकटी बसली होती. दोन्ही भिंतींपलीकडून एकाच मालिकेचा आवाज येत होता.

"कसं आहे चित्र, माई? मुंग्या नाहीत ना?"

"नही. दोन्हीकडे चांगलं शे." मग खाटेच्या रिकाम्या टोकाकडे बघून म्हणाली, "महिनाभर आठे कोनी उनं नही."

"कोणीच आलं नाही?" म्हणत मी फाट्याकडे बघितलं. टेपचं एक टोक सुटलेलं होतं आणि खाली, दाराला लागून, स्टूल उभं होतं. सवयीने वर चढून हात लावला. कनेक्टर जागचा हलला नव्हता.

"नवा फाटा भलता घट्ट शे," माई खालून म्हणाली. "जुना कोठे शे?"

"आहे की. पिशवीतच आहे. का हो?"

"तोच लाई दे."

मी टेपच्या सुटलेल्या टोकाकडे बघितलं, मग पायाखालच्या स्टुलाकडे. माई निवडायला घेतलेल्या मेथीकडे बघत होती. मी पाना काढला, नवा उतरवला, जुना चढवला आणि कनेक्टर बोटांनीच फिरवून ठेवला.

ऑफिसात पोचलो तर फोन वाजत होता. मीच उचलला. आप्पा होते. "अनिल, मुंग्या!" त्यांना म्हटलं, "आईकडे जाऊन जरा फाटा बघा, मी आलोच." फोन ठेवतोय तोवर पुन्हा वाजला. नाना. त्यालाही तेच सांगितलं.

शरदने धावत जाऊन शिडी आणली आणि माझ्यापुढे धरली. "निकम ना? अरे जा की लवकर!"

मी चपला काढल्या आणि खुर्चीत मागे टेकून बसलो.

"शरद, चहा सांग," म्हटलं. "सावकाश आला तरी चालेल."